सिंह कोणी पाहिला? : अनुमान आणि चिकित्सक वाचन

१

मराठीच्या अध्यापनात 'रसग्रहण' हा शब्द रूढ होऊन बराच काळ लोटला आहे. रसग्रहण म्हणून विद्यार्थी जे लिहितो, त्यात 'कवीने आपल्या भावना उत्कटपणे व्यक्त केल्या आहेत', 'प्रतिमा समर्पक आहेत' अशा प्रकारची विधाने हमखास आढळतात. ही विधाने चुकीची असतात असे नव्हे. अडचण अशी, की ती कोणत्याही कवितेला लागू पडतात. संहितेतील शब्द बदलले तरी जे विधान अबाधित राहते, ते त्या संहितेविषयीचे विधान मानता येणार नाही. चिकित्सक वाचनात तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात : संहितेत प्रत्यक्ष काय आहे, त्यावरून काय निष्पन्न होते, आणि त्या निष्पत्तीवर कितपत विसंबता येते. पहिली विश्लेषणाची बाब, दुसरी अनुमानाची. तिसरीकडे सहसा दुर्लक्ष होते, आणि वाचनाची खरी कसोटी नेमकी तेथेच लागते.

या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे आय. ए. रिचर्ड्झ यांच्यापासून सुरू करण्याची प्रथा आहे. केंब्रिजमध्ये त्यांनी १३ कविता कवींची नावे वगळून विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या, त्यांचे अभिप्राय गोळा केले आणि १९२९ मध्ये ते विवेचनासह प्रसिद्ध केले. सुशिक्षित वाचकही साधा वाच्यार्थ चुकतो व ठराविक प्रतिक्रियांच्या आहारी जातो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु अनुमानाचा प्रश्न याहून नेमकेपणाने भारतीय साहित्यशास्त्रात मांडला गेला होता, आणि तोही गोदाकाठच्या एका प्राकृत गाथेच्या निमित्ताने.

२

ही गाथा हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'तील आहे. या संग्रहाची स. आ. जोगळेकर यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९५६ पासून मराठी वाचकाला उपलब्ध आहे. गाथेचा आशय असा : एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला सांगते, की आता खुशाल निर्धास्तपणे हिंडा, गोदावरीच्या काठावरील झाडीत राहणाऱ्या त्या मातलेल्या सिंहाने ते कुत्रे आज मारून टाकले आहे.

नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त हे उदाहरण घेतले. वाच्यार्थ विधिरूप आहे, 'हिंड' असा. व्यंग्यार्थ मात्र निषेधरूप, 'हिंडू नकोस' असा. हा दुसरा अर्थ व्यंजनेने प्रतीत होतो, असे त्याचे प्रतिपादन. अकराव्या शतकात महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त यावर आक्षेप घेतला. व्यंजना नावाची स्वतंत्र शक्ती मानण्याचे कारण नाही. येथे घडते ते अनुमानच. भित्रा मनुष्य भयाचे कारण नाही अशी खात्री पटल्यावरच एखाद्या ठिकाणी हिंडतो. गोदाकाठी तर कुत्र्याहून भयंकर असा सिंह आहे. म्हणून तेथे हिंडणे उचित नाही.

'काव्यप्रकाशा'त मम्मटाने या अनुमानातील हेतूचे दोष दाखविले आहेत. गुरूच्या आज्ञेने किंवा प्रिय व्यक्तीच्या ओढीने भित्रा मनुष्यही भयस्थानी जातो. तेव्हा हेतू अनैकांतिक आहे. कुत्र्याच्या स्पर्शाला भिणारा मनुष्य सिंहाला न भिणारा वीर असू शकतो. तेव्हा तो विरुद्धही आहे. आणि तिसरा आक्षेप सर्वांत मार्मिक आहे. गोदाकाठी सिंह आहे हे प्रत्यक्षाने वा अनुमानाने सिद्ध झालेले नाही. ते केवळ त्या स्त्रीच्या शब्दावरून कळते, आणि तिचा शब्द प्रमाण मानण्यास आधार नाही. सिंह कोणी पाहिला?

३

न्यायशास्त्राच्या दृष्टीने हा वाद मम्मटाने जिंकला, असे मानण्याचा प्रघात आहे. मात्र वाचनाच्या दृष्टीने या वादात एक गोष्ट अनुल्लेखित राहिली, असे मला वाटते. महिमभट्टाने मांडलेले अनुमान हे वस्तुतः वाचकाचे नाही. ते गाथेतील धार्मिकाचे आहे. सिंह आहे असे मानून भ्यायचे त्याने. आपण भीत नाही, आपण त्या स्त्रीकडे पाहतो. 'सिंह आहे, म्हणून जाऊ नये' हे पात्राचे अनुमान. 'ही स्त्री असे का बोलते आहे?' हा वाचकाचा प्रश्न. संहितेच्या आत केले जाणारे अनुमान आणि संहितेविषयी केले जाणारे अनुमान यांची गल्लत झाली, की वाचक स्वतःच पात्र होऊन बसतो. कथा-कादंबऱ्यांतील प्रथमपुरुषी निवेदकाचा शब्द आपण नकळत प्रमाण मानतो, तेव्हा हीच गल्लत होत असते.

आता गाथेचे शब्द तपासू. सिंह तेथून गेला असे ती म्हणत नाही. तो तेथे राहणारा आहे. म्हणजे धोका कायमचा आहे. त्याचे ठिकाण ती काटेकोरपणे सांगते. त्याला 'मातलेला' हे विशेषणही लावते. निर्धास्त करण्यासाठी यांपैकी एकाही तपशिलाची गरज नव्हती; 'कुत्रे मेले' एवढे पुरेसे होते. आश्वासनात मावत नसलेल्या या शब्दांमुळेच आश्वासनाविषयी संशय निर्माण होतो. येथवरचे अनुमान भक्कम आहे : या स्त्रीला त्या गृहस्थाने नदीकाठी यायला नको आहे.

परंतु टीकाकार याच्या पुढे जातात. ते ठिकाण तिचे संकेतस्थळ आहे, ती प्रियकराला तेथे भेटते आणि हा मनुष्य फुले तोडायला येऊन व्यत्यय आणतो, असे ते सांगतात. गाथेत प्रियकर नाही. फुलेही नाहीत. भित्र्या, सोवळ्या माणसाची थट्टा करणारी एखादी खट्याळ स्त्री कल्पिली, तरी गाथेतील प्रत्येक शब्दाचा उलगडा होतो. मग प्रियकर आला कोठून? तो आला संग्रहाच्या संकेतव्यूहातून. चोरट्या भेटी, नदीकाठची झाडी, चतुर नायिका यांनी गजबजलेल्या मुक्तकांत ही गाथा वाचली, की ते अनुमान स्वाभाविक वाटते. ते त्याज्य नाही. पण त्याचा आधार वेगळा आहे आणि त्याचे बळही वेगळे आहे. पहिले अनुमान शब्दांवर उभे आहे, दुसरे परंपरेवर. वाचकाने दोन्ही करावीत, परंतु दोन्ही एकाच सुरात सांगू नयेत.

४

यावरून रिचर्ड्झ यांच्या प्रयोगाची मर्यादाही ध्यानात येते. नाव, काळ व परंपरा काढून घेतली, तर गाथेतील प्रियकर कोणत्याही वाचकाला सापडणार नाही. आणि तो दोष वाचकाचा नसेल. उलट आपल्या वर्गांत टीप आधी येते आणि गाथा मागाहून. विद्यार्थ्याला प्रियकर आयता मिळतो, आणि 'राहणारा' या शब्दाकडे पाहण्याचे प्रयोजनच उरत नाही. एकीकडे संदर्भाविना चाचपडणे, तर दुसरीकडे संदर्भाची घोकंपट्टी.

यातून मार्ग काढायचा तर क्रम बदलावा लागेल. संहिता प्रथम टीपेशिवाय द्यावी आणि विद्यार्थ्याला तीन रकाने करावयास सांगावे : शब्द काय सांगतात, त्यांवरून मी काय ताडतो, आणि दुसरे कोणते स्पष्टीकरण संभवते. त्यानंतर टीप द्यावी व टीपेमुळे काय बदलले ते लिहून घ्यावे. टीप नाकारण्याची मुभाही त्याला असावी. अशा अभ्यासात गुण देणे कठीण जाईल हे खरे. कारण उत्तर एकच नसेल. मात्र कोणते उत्तर आधाराने दिले आहे आणि कोणते ऐकीव आहे, हे तपासता येईल.

मम्मटाचा प्रश्न शेवटी याच तपासणीचा आहे. सिंह नाही, असे तो म्हणत नाही; तो असल्याचा पुरावा कोणाच्या शब्दावर अवलंबून आहे, एवढेच विचारतो. गाथेतील स्त्रीला जो प्रश्न विचारायचा, तोच टीकाकारालाही विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर रसग्रहण या शब्दाला पुन्हा काही अर्थ प्राप्त होईल. प्रस्तुत लेखातील अनुमानेही अर्थातच त्या तपासणीतून वगळू नयेत.