‘लोक लिनक्स का वापरत नाहीत?’ हा प्रश्न नेमका कोणाला विचारायचा?

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारी मुलं-मुली सिनॉप्सिस वाचायला पाठवतात, तेव्हा एक विषय हमखास भेटतो : ‘सर्वसामान्य वापरकर्त्यांमध्ये ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमचा स्वीकार’. आराखडाही ठरलेला असतो. टॅम मॉडेल घ्यायचं, दोन-तीनशे जणांना प्रश्नावली द्यायची, लिकर्ट स्केलवर १ ते ५ खुणा करून घ्यायच्या, रिग्रेशन चालवायचं आणि शेवटी लिहायचं की जागरूकता कमी आहे, प्रशिक्षण द्यायला हवं. मी स्वतः पहिल्या वर्षी अगदी हाच मसुदा लिहिला होता, त्यामुळे कोणाला हसायचा अधिकार मला नाही. पण या आराखड्यावर कोणाची तीन-चार वर्षं जाऊ नयेत असं मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

आधी टॅम म्हणजे काय ते नीट बघू. फ्रेड डेव्हिस यांचा १९८९ चा ‘एमआयएस क्वार्टर्ली’मधला शोधनिबंध हा याचा पाया. त्यांचं म्हणणं सोपं आहे. माणूस एखादं तंत्रज्ञान वापरेल की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं : ते आपल्या कामाला येईल असं त्याला वाटतं का, आणि ते वापरायला सोपं आहे असं वाटतं का. पहिलीला म्हणू जाणवलेली उपयुक्तता, दुसरीला जाणवलेला सोपेपणा.

आता हा निबंध मूळातून वाचा. सिनॉप्सिसमध्ये त्याचा उल्लेख करणाऱ्या बऱ्याच जणांनी तो वाचलेला नसतो, हे मी मुद्दाम सांगतो. त्यात दोन अभ्यास आहेत, एकूण १५२ वापरकर्ते आणि चार प्रोग्रॅम. पहिल्या अभ्यासात आयबीएमच्या टोरोंटो प्रयोगशाळेतले लोक आहेत आणि ईमेल व फाइल एडिटर हे प्रोग्रॅम. दुसऱ्यात बोस्टन विद्यापीठाचे ४० एमबीए विद्यार्थी आणि दोन ग्राफिक्सचे प्रोग्रॅम. यातला एकही प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीम नाही. म्हणजे ज्या मशीनवर प्रोग्रॅम चालायचा ते मशीन तयारच होतं. प्रश्न एवढाच होता की त्यावरचं हे साधन तुम्ही वापराल का.

फरक लक्षात घ्या. एडिटर आवडला नाही तर बंद करून दुसरा उघडता येतो. ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची म्हणजे घर बदलण्यासारखं आहे : सामान हलवायचं, दूधवाला-पेपरवाला नवा बघायचा, पत्ता सगळीकडे बदलून घ्यायचा. नवं घर छान आहे का, एवढं विचारून या निर्णयाचा अंदाज येत नाही.

याच निबंधातली दुसरी गोष्ट आकड्यांची आहे. पहिल्या अभ्यासात उपयुक्तता आणि वापर यांचा सहसंबंध ०.६३ आला, सोपेपणा आणि वापर यांचा ०.४५. वर्ग करून बघा : साधारण ०.४० आणि ०.२०. म्हणजे वापरातला जेवढा फरक सोपेपणाशी जोडता येतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट उपयुक्ततेशी जोडता येतो. शिवाय हा ‘वापर’ लोकांनी स्वतः सांगितलेला होता, मशीनने मोजलेला नव्हता. आणि आपण लिनक्सवाले गेली कित्येक वर्षं लोकांना काय सांगतोय? ‘आता मिंट अगदी विंडोजसारखं सोपं झालंय हो!’ म्हणजे ज्या मॉडेलचा आपण आधार घेतो, त्याच मॉडेलने दुय्यम ठरवलेल्या गोष्टीवर आपला सगळा जोर.

मग ऑपरेटिंग सिस्टीमची उपयुक्तता येते कुठून? तिच्यावर काय काय चालतं आणि इतर लोक काय वापरतात, यातून. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीविरोधी खटला चालला, त्यात न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये वस्तुस्थितीचे निष्कर्ष नोंदवले. त्यांत याची साखळी फार स्पष्ट मांडली आहे. ग्राहकाला ती सिस्टीम हवी असते जिच्यावर भरपूर प्रोग्रॅम चालतात. प्रोग्रॅम लिहिणारे त्या सिस्टीमसाठी लिहितात जिचे ग्राहक भरपूर असतात. नव्याने येणाऱ्याला ही भिंत ओलांडता येत नाही. आयबीएमने ओएस/२ वॉर्पसाठी कोट्यवधी डॉलर खर्चूनही पुरेसे प्रोग्रॅम मिळाले नाहीत, हे उदाहरण त्यातच दिलं आहे. आता आयबीएमला जे जमलं नाही त्याचं खापर ‘जागरूकतेच्या अभावा’वर फोडायचं का?

याचं आपल्याकडचं रूप बघायचं असेल तर कुठल्याही डीटीपीच्या दुकानात जाऊन बसा. लग्नपत्रिका, हँडबिलं, स्मरणिका, दिवाळी अंक यांचं बरंचसं काम वर्षानुवर्षं कोरलड्रॉ, पेजमेकर आणि श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर झालेलं आहे, तेही विंडोजवर. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड नसतो. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट काढला की पडद्यावर नुसता गोंधळ. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी यांत चुका राहतात आणि प्रत्येक पान पुन्हा तपासावं लागतं. आता लिनक्सवर युनिकोड मराठी उत्तम दिसतं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये निवडला की टायपिंगही होतं. तरी तो दुकानदार हलणार नाही, कारण त्याची फाइल छापखान्यात जाते आणि छापखाना जे उघडू शकतो तेच त्याला पाठवावं लागतं. त्याला प्रश्नावली दिली तर तो ‘लिनक्स सोपं आहे’ यासमोर ३ वर खूण करेल आणि आपण लिहू : ‘प्रतिसादक तटस्थ आढळले.’ त्याची खरी अडचण आपल्या कागदावर येणारच नाही.

संशोधनाच्या भाषेत या चुकीला नाव आहे. एव्हरेट रॉजर्स यांच्या ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ची पहिली आवृत्ती १९६२ ची. नवी गोष्ट समाजात कशी पसरते यावरचं हे मूलभूत पुस्तक. त्याच रॉजर्सनी पुढे स्वतःच्या क्षेत्रावर दोन आक्षेप घेतले. एक, नवी गोष्ट चांगलीच आणि सर्वांनी ती घ्यायलाच हवी, असं संशोधक आधीच धरून चालतात. दोन, घेतली नाही तर दोष व्यक्तीचा मानतात, व्यवस्थेचा नाही. गंमत म्हणजे रॉजर्सचे पाच गुणधर्म सिनॉप्सिसमध्ये येतात, हे दोन आक्षेप येत नाहीत. ‘वापरकर्त्यांचा प्रतिकार’ हा शब्दप्रयोग लिहिताना या दुसऱ्या आक्षेपाची आठवण ठेवा. डीटीपीवाला प्रतिकार वगैरे काही करत नाही, तो धंदा करतोय.

मग व्यक्तीऐवजी व्यवस्था बघितली तर काय दिसतं? दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं म्युनिकचं. जर्मनीतल्या या शहराच्या परिषदेने २००३ मध्ये विंडोज एनटी सोडून लिनक्सकडे जायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटायला आले, तरी निर्णय बदलला नाही. प्रकल्पाचं नाव लिमक्स. २००६ मध्ये प्रत्यक्ष बदल सुरू झाला आणि २०१३ च्या अखेरीस १४ हजारांहून जास्त संगणक त्यावर आले. सगळ्यात चिवट काम कोणतं होतं? वेगवेगळ्या विभागांत साठलेले पत्रांचे नमुने, फॉर्म आणि मॅक्रो. त्यासाठी वोलमक्स नावाचं वेगळं साधन लिहावं लागलं. पुढे महापौर बदलले, कर्मचाऱ्यांच्या तक्रारींची चर्चा सुरू झाली, आणि २०१७ मध्ये परिषदेने विंडोजकडे परत जायचं ठरवलं. पण त्याआधी शहरानेच अॅक्सेंचरकडून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एका भागीदाराकडून, जो अहवाल करून घेतला होता, त्यात मुख्य दुखणी संघटनात्मक असल्याचं म्हटलं होतं : आयटीची जबाबदारी अनेक ठिकाणी विखुरलेली, निर्णय रेंगाळणारे. आता बघा, जाण्याचा निर्णय परिषदेचा, परतीचा निर्णयही परिषदेचा. कारकुनाला दोन्ही वेळा सकाळी येऊन समोर जे असेल ते सुरू करायचं होतं. तिथे टॅमची प्रश्नावली वाटून आपण नेमकं काय मोजलं असतं?

दुसरं केरळचं. तिथल्या सरकारी शाळांसाठी २००१ मध्ये आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला. त्याचंच २०१७ मध्ये ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झालं. शाळांसाठी लिनक्सची वेगळी आवृत्ती बांधली, ती मल्याळममधून वापरता येते, पाठ्यपुस्तकं तिच्यावर बेतली, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि प्रात्यक्षिक परीक्षाही तिच्यावरच ठेवली. म्हणजे प्रशिक्षण आहेच, पण एकटं नाही. पुस्तक, परीक्षा, शिक्षक, मशीन आणि भाषा हे सगळं एकदम बदललं. सुटं प्रशिक्षण देऊन दुसऱ्या दिवशी माणसाला जुन्याच ऑफिसात पाठवलं तर तो जुनंच वापरणार, त्यात नवल काय?

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मीही एकतर्फी ठरेन. व्यवस्था, व्यवस्था म्हणत लिनक्सचे खरे दोष झाकायचे नाहीत. वायफायचा ड्रायव्हर चालत नाही, प्रिंटर अर्धंच पान छापतो, मदत मागितली तर टर्मिनलमध्ये चार ओळी चिकटवायला सांगतात आणि चुकलं तर आधी मॅन्युअल वाच म्हणून झापतात. हे अनुभव खरे आहेत, आणि ते शोधायला टॅमसारखं साधन उपयोगी पडतं. एकच सिस्टीम दिलेल्या, एकच काम करणाऱ्या लोकांत सोपेपणा मोजायचा असेल तर खुशाल वापरा. माझा आक्षेप साधनावर नाही. मोजपट्टीने ताप मोजायला निघालो, यावर आहे.

उबुंटूची एक नोंद इथे आठवते. २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांनी उबुंटूच्या दोषनोंदीत पहिल्या क्रमांकाचा बग म्हणून लिहिलं की बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा बहुमताचा आहे. २०१३ मध्ये त्यांनीच तो बग बंद केला. डेस्कटॉपवर लिनक्स जिंकलं म्हणून नव्हे, तर फोन आणि टॅब्लेटमुळे संगणनाचं चित्रच पालटलं म्हणून. अँड्रॉइडच्या गाभ्याशी लिनक्सचं कर्नल आहे. आपल्या आजीने कुठलीही जागरूकता मोहीम न बघता ते स्वीकारलं, कारण दुकानातून आणलेल्या डब्यात ते आधीच होतं आणि तिला हवं ते त्यावर चालत होतं. अर्थात, अँड्रॉइड वापरणं म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचं स्वातंत्र्य मिळणं का, हा वेगळा आणि जास्त अवघड प्रश्न आहे. तोही कोणीतरी घ्यावा.

मग सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा काय कराल? माझ्या चुकांतून तीन गोष्टी सांगतो.

एक, ‘निर्णय कोणी घेतला?’ हा प्रश्न आधी विचारा. घरचा संगणक, शाळेचा संगणक आणि कार्यालयाचा संगणक यांत निर्णय घेणारा वेगळा असतो. तिघांना एकाच नमुन्यात कोंबलं तर सरासरीला काही अर्थ उरत नाही.

दोन, सोडून गेलेल्यांना शोधा. लिनक्स टाकून सहा महिन्यांनी परत विंडोजवर गेलेला माणूस, कधीच न वापरलेल्या शंभर जणांपेक्षा जास्त शिकवतो. तो नेमका कुठे अडला, कुठल्या फाइलवर, कोणाच्या फोननंतर, हे विचारा. त्यासाठी प्रश्नावली पुरत नाही, मुलाखत लागते.

तीन, वेळ बघा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० सारखी अट बऱ्याच जुन्या मशीनना पूर्ण करता येत नाही. म्हणजे सवय मोडायचा धक्का बाहेरून आलेला आहे. अशा वेळी कोण नवं मशीन घेतं, कोण तसंच चालू ठेवतं आणि कोण लिनक्स टाकून घेतं, आणि टाकून देतं कोण, हे आत्ताच नोंदवता येईल. दोन वर्षांनी लोकांना आठवून सांगायला लावलं तर हाती फक्त आठवणी येतील.

शीर्षकातला प्रश्न वाईट नाही. आपण तो चुकीच्या माणसाला विचारत आलो. आधी छापखान्याला, शाळेच्या खरेदी समितीला, गल्लीतल्या संगणक दुरुस्तीवाल्याला विचारून बघा. प्रश्नावलीची झेरॉक्स त्यानंतर काढा.