डाव्या हाताला काम हवं

मराठी संगीत रंगभूमीचा ऑर्गन मूळचा अमेरिकेचा. बालगंधर्वांच्या पदांमागे भरून राहणारा तो गोल, गंभीर सूर कानाला इतका सवयीचा झाला आहे, की हे वाद्य बाहेरून आलं याचा विसरच पडतो. बॉस्टनची 'मेसन अँड हॅम्लिन', व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोची 'एस्टी' अशा कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकात हे ऑर्गन बांधले. एकट्या एस्टीने पाच लाखांहून अधिक वाद्यं बनवली. ती माळरानावरच्या लाकडी चर्चमध्ये गेली, एका खोलीच्या शाळांत गेली, शेतकऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत गेली. काउबॉय चित्रपटांत दिसतो तो सगळा मुलूख या वाद्याने स्वतः पाहिलेला आहे.

म्हणूनच हॉलिवूडच्या 'वेस्टर्न' चित्रपटांचं संगीत आणि अमेरिकी लोकधुना ऑर्गनवर बसवण्याची कला आपल्याकडे कुठवर आली आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. वाद्य आपल्याजवळ आहे, ते वाजवणारे हात आहेत. त्यांच्यासाठी मांडणी मात्र कोणी केलेली नाही.

सुरुवात तशी झाली होती. मूकपटांच्या काळात देशी थिएटरांत पडद्याजवळ पेटीवाला आणि तबलजी बसत. तेव्हा एडी पोलोच्या अमेरिकी साहसमालिका आपल्याकडे लोकप्रिय होत्या. पडद्यावर मारामाऱ्या आणि पाठलाग, खाली आपली पेटी. त्या वादकांनी काय वाजवलं याची ना ध्वनिमुद्रिका आहे ना टिपण. पण परदेशी दृश्याला आपल्या सुरांनी साथ करण्याचा तो पहिला वर्ग होता, आणि बोलपट येताच तो बंद पडला. पुढे १९३७ च्या 'कुंकू'मध्ये केशवराव भोळे यांनी शांता आपटे यांच्याकडून लाँगफेलोची कविता इंग्रजीतच गाऊन घेतली. अमेरिकी शब्दांना मराठी संगीतकाराने दिलेला तो आवाज आजही ताजा वाटतो. अशा प्रयोगांची परंपरा मात्र झाली नाही.

साधी लोकधून, ऑर्गनच्या कुळातले आवाज आणि पडदा यांना जोडणारा धागा सिनेमावाल्यांनी जास्त चांगला ओळखला. १९५२ च्या 'हाय नून'चं बरंचसं पार्श्वसंगीत दिमित्री त्योमकिन यांनी एका साध्या बॅलडवर उभं केलं. एन्यो मोरिकोने यांनी 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' (१९६५) मध्ये चर्चमधल्या द्वंद्वाच्या प्रसंगी ऑर्गन आणला, आणि त्याला बाखच्या प्रसिद्ध टोकाटाची आठवण जोडून दिली. खिशातल्या घड्याळाची नाजूक धून आणि अंगावर येणारा ऑर्गन अशी ती जोडी आहे. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये (१९६८) तर नायकाची ओळखच माउथ ऑर्गनने होते. आपल्या 'शोले'त (१९७५) राधा दिवे मालवते आणि जय माउथ ऑर्गन वाजवतो. राहुलदेव बर्मन यांची ती धून भानू गुप्ता यांनी वाजवली आहे. माउथ ऑर्गन, अ‍ॅकॉर्डियन, पेटी आणि पायाचा ऑर्गन यांचं कूळ एकच: हवेने थरथरणारी धातूची पट्टी, आपले पेटीवाले जिला नुसता 'सूर' म्हणतात ती. जयची धून ऑर्गनवर घेतली, तर ती नात्यातल्याच आवाजात वाजेल.

आता आजच्या वादनाकडे येतो. हातपेटीवर डावा हात भात्याला बांधलेला असतो. ऑर्गनचा भाता पायांनी चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे. एवढा मोठा फायदा मिळूनही आपल्या वादनात डाव्या हाताच्या वाट्याला बहुधा षड्ज-पंचम धरून ठेवणं किंवा उजव्या हाताची ओळ खालच्या सप्तकात गिरवणं एवढंच येतं. साथीला ते पुरेसं आहे, काही वेळा तेच योग्य आहे. गायकाच्या तानेमागे सावलीसारखं जाणं ही मोठी विद्या आहे. गोविंदराव पटवर्धन आणि तुळशीदास बोरकर यांनी ती ज्या उंचीवर नेली, तिथे माझ्यासारख्याने फक्त ऐकावं. स्वतंत्र वादनातही पी. मधुकर यांच्यापासून आजच्या आदित्य ओक यांच्यापर्यंत उजव्या हाताची तयारी थक्क करणारी आहे. पण हे सगळं एका ओळीचं संगीत आहे. पाच सप्तकांचं वाद्य, त्यावरचे ओढायचे खुंटे, आवाज थरथरवणारा फिरता पंखा, गुडघ्याने आवाज चढवायची सोय, यांतलं निम्मं वापराविना राहतं.

याला इतिहासही कारणीभूत आहे. १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, ती १९७१ नंतर सैल झाली. ज्या तीन दशकांत रेडिओने सतार, सरोद, बासरी यांचं एकल वादन घरोघरी नेलं, त्याच काळात पेटीचं सगळं कुटुंब दाराबाहेर राहिलं. बंदीमागचा आक्षेप खोटा नव्हता. या वाद्यातून मींड निघत नाही, आणि समान अंतरांच्या जुळणीत शुद्ध गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. रागसंगीतात हे खुपतं. अमेरिकी लोकधुनांत आणि काउबॉय चित्रपटांच्या संगीतात हाच आक्षेप गळून पडतो. त्या धुना या जुळणीत नांदतात, त्यांना मींड लागत नाही. त्यांतल्या कितीतरी पाच स्वरांच्या, आपल्या कानाला भूप किंवा दुर्गाजवळ वाटणाऱ्या. एरन कोपलंडच्या 'बिली द किड' या काउबॉय बॅलेमध्ये (१९३८) माळरानाचा मोकळेपणा येतो तो मुख्यतः दूर दूर ठेवलेल्या स्वरांमधून, उघड्या पंचमांतून. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला उघडा पंचम वेगळा समजवावा लागत नाही.

मांडणीत खऱ्या अडचणी आहेत. एल्मर बर्नस्टाइन यांच्या 'द मॅग्निफिसंट सेव्हन'ची (१९६०) गंमत वरच्या रुंद चालीत जितकी, तितकीच खालच्या अस्वस्थ, आघात पुढेमागे सरकवणाऱ्या ठेक्यात आहे. ऑर्गनचे खर्जातले सूर उशिरा बोलतात. घोड्याच्या टापा त्यांच्यावर टाकल्या की नुसती गुरगुर उरते. ठेका मधल्या सप्तकात तुटक बोटांनी घ्यावा, खर्जात एकच लांब स्वर ठेवावा, आणि चाल उजव्या हाताने जोडस्वरांत वाजवावी, असा मार्ग मला दिसतो. मोरिकोनेंची शीळ एकाच बारीक सुराच्या खुंट्यावर, पंखा बंद ठेवून घ्यावी. तिथे कंप आला की ती शीळ रडू लागते. आणि त्यांच्या संगीतातली शांतता वादकाने भरू नये. आपल्या साथीदाराला गायकाच्या श्वासाची जागा भरून काढायची सवय असते. इथे थांबणं हाच संगीताचा भाग आहे.

मीरा-भाईंदर शहरात, आमच्या खारीत, नवघर-गोडदेवला, मंडळाच्या स्टेजवर ऑर्गन म्हटलं की कीबोर्डच समजतात. उत्तन-डोंगरीच्या चर्चमध्येही गायकवृंदाबरोबर तोच. हे कीबोर्डवादक सिनेसंगीत कानाने उचलण्यात पटाईत आहेत, आणि डाव्या हाताने कॉर्ड धरणं त्यांना लहान वयातच येतं. पण तयार ठेका चालू केला की तो डावा हातही यंत्राला मदत करण्यापुरता उरतो, आणि 'शोले'ची धून सगळीकडे सारख्याच चेहऱ्याने वाजते. चर्चमध्ये चार आवाजांचं गाणं शिकलेला मुलगा आणि नाट्यपदांच्या साथीत तयार झालेला मुलगा एकाच शहरात काही किलोमीटरवर राहतात. एकाकडे स्वरसंवादाची समज, दुसऱ्याकडे सुराचा श्वास. शहरात आता लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. तिथे या दोघांना एका ऑर्गनपुढे बसवणारी एक संध्याकाळ व्हावी, अशी माझी फार इच्छा आहे. नाट्यपद, चर्चचं भजन आणि मोरिकोने, तिन्ही एकाच वाद्यावर.

वाद्याचं काय, हा प्रश्न उरतो. जुने एस्टी आणि मेसन अँड हॅम्लिन शंभरी ओलांडून गेले. त्यांचं चामडं वाळतं, लाकूड दमट हवेने फुगतं, भाता हवा सोडतो. अशा वेळी कोकणात, राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याला, ऑर्गन नव्याने बांधला गेला ही मोठी घटना आहे, आणि तिची दखल संगीताच्या पानांवर फारच थोडी घेतली गेली. बांधणाऱ्याला मागणी लागते. मागणी आज साथीपुरती आहे, म्हणजे नाट्यसंगीताच्या मैफलींइतकी. दोन्ही हातांसाठी लिहिलेली वीस-पंचवीस पानं नोटेशनसह छापली, त्यात 'शोले'ची धून, 'हाय नून'चं बॅलड आणि दोन-चार अमेरिकी लोकधुना घेतल्या, तर शिकणाऱ्याला पहिल्या वर्षापासून डाव्या हाताचा अभ्यास मिळेल आणि पेटीच्या वर्गात ऑर्गनसाठी वेगळा तास ठेवायला कारण मिळेल.