आचंद्रार्क : चंद्रावर ठेव ठेवण्याच्या कल्पनेची तपासणी

चंद्रावर एक पेटी ठेवायची, तीत मानवजातीची स्मृती भरायची आणि लाखो वर्षांनी ती कुणाला तरी सापडेल अशी आशा करायची, ही कल्पना आता कादंबरीतली राहिलेली नाही. अपोलो ११ ने १९६९ साली सिलिकॉनची एक चकती चंद्रावर नेली. ७३ देशांच्या प्रमुखांचे संदेश तिच्यावर सूक्ष्म अक्षरांत कोरलेले होते. गंमत अशी, की ती ऑल्ड्रिनच्या खिशातच राहून जात होती. परतताना शिडीवर असताना आर्मस्ट्राँगने आठवण केली, तेव्हा ती खाली टाकली गेली! पुढे ११ एप्रिल २०१९ रोजी बेरेशीट हे इस्रायली यान चंद्रावर आदळलं. त्यात निकेलच्या पातळ थरांवर कोरलेलं, सुमारे तीन कोटी पानांचं एक ग्रंथालय होतं.

जागा उत्तम आहे, यात वाद नाही. तिथे हवा नाही, पाऊस नाही, वाळवी नाही. पण आम्हाला विचारायचं आहे ते वेगळंच. पदार्थ टिकला म्हणजे अर्थ टिकला का?

आपल्या भिवंडीपासूनच सुरुवात करू. तालुक्यातल्या भादाणे गावाचा ताम्रपट अभ्यासकांना ठाऊक आहे. शिलाहार राजा अपराजिताने शके ९१९ मध्ये, म्हणजे इसवी सन ९९७ मध्ये, हे गाव लोनाडच्या लोणादित्याच्या देवळाला दिलं, त्याचं ते दानपत्र. हजार वर्षं टिकलेला हा निरोप आहे. पण त्याची घडण बघा. कोण देतो, कुणाला देतो, काय देतो, कशासाठी देतो, सगळं त्यात स्पष्ट आहे. अशा ताम्रपटांत पुढच्या राजांना विनंती असते, की बाबांनो, हे दान पाळा. आणि मोडलंत तर काय होईल, तेही सांगितलेलं असतं. निरोपाला पत्ता आहे, आणि घेणाऱ्यावर एक जबाबदारी आहे.

दानलेखांतला शब्द आहे 'आचंद्रार्क', म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत. आपल्या भागातल्या गधेगाळी पाहिल्या असतील, तर त्यांच्या माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले दिसतात. जुन्या लोकांनी चंद्राला साक्षीदार केलं. आज आपण त्याला गोदाम करायला निघालो आहोत. गोदाम म्हणजे काय ते भिवंडीकरांना सांगायला नको. माल आत जातो तेव्हा पावती होते, आणि पावतीवर घेणाऱ्याचं नाव असतं. नाव नसलेला माल पडून राहतो. चंद्रावरच्या पेटीच्या पावतीवर कुणाचं नाव आहे?

इथे आपल्या दर्शनांतला एक जुना वाद उपयोगी पडतो. मीमांसक म्हणतात, शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, कुणी तो केलेला नाही. नैयायिक म्हणतात, तसं नाही, तो संकेत आहे. ठरलेला आहे म्हणून कळतो. पण हा संबंध पोराला कळतो कसा, यावर दोन्हीकडे एक प्रसिद्ध दाखला येतो. एक मोठा माणूस दुसऱ्याला म्हणतो, 'गाय आण.' तो गाय आणतो. पोर पाहत असतं, आणि पाहून शिकतं. याला म्हणतात वृद्धव्यवहार. म्हणजे संबंध नित्य धरला तरी तो कळायला चार माणसं वावरताना दिसावी लागतात. चंद्रावर अक्षरं जातील. वृद्धव्यवहार कसा जाणार?

यावर कुणी म्हणेल, जुन्या लिप्या लोक वाचतातच की! खरं आहे. सोपाऱ्याला १८८२ साली अशोकाच्या लेखाचा तुकडा सापडला आणि वाचला गेला. पण तो वाचता आला, कारण १८३७ च्या सुमारास प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली होती. त्याआधी कित्येक शतकं ती अक्षरं उघड्यावर होती आणि कुणालाही वाचता येत नव्हती. आणि ती उलगडली ती तरी कशी? ब्राह्मीच्या लेकी-नाती असलेल्या लिप्या वापरात होत्या, आणि त्या लेखांच्या भाषेचं गणगोत जिवंत होतं. धागा बारीक झाला होता, पण तुटला नव्हता.

तेव्हा पेटी उघडणारा कोण, याला दोनच उत्तरं संभवतात. तो आपला वंशज असेल, तर वाचनाचा धागा इथे पृथ्वीवर राखावा लागेल. मग चंद्र दुय्यम ठरतो. तो परका असेल, तर त्याच्यापाशी धागाच नाही. मग निकेल कितीही टिकाऊ असलं तरी त्याच्या लेखी ते नक्षीकाम. चित्रं आणि आकडे घालून त्याला शिकवता येईल, असं या योजनांचे कर्ते म्हणतात. थोडंफार येईलही. पण मोजणं शिकवणं वेगळं आणि 'आमची आठवण ठेवा' हे कळवणं वेगळं.

दुसरा आक्षेप निवडीचा. १५ ऑगस्ट १९७३ ला दिल्लीच्या लाल किल्ल्यात इंदिरा गांधींच्या सरकारने कालपत्र पुरलं. आत काय लिहिलंय, कुणाच्या दृष्टीने लिहिलंय, यावर वाद पेटला. १९७७ मध्ये सरकार बदललं आणि जनता सरकारने ते उकरून काढलं. शतकांसाठी ठेवलेली ठेव चार वर्षं टिकली! आम्हाला यात बोध दिसतो. भविष्याला पाठवलेलं पत्र आधी वर्तमानातच वाचलं जातं, आणि त्यावर भांडणारी माणसंही वर्तमानातलीच असतात. ते भांडण योग्यच होतं. चंद्रावर मात्र उकरायला कुणी जाणार नाही, म्हणजे तिथली निवड वादाच्या पलीकडे जाते. आम्हाला हे चिंतेचं वाटतं. तीन कोटी पानांत यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसाची किती पानं असतील?

आता सर्वांत सुंदर उदाहरण. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोनेरी तबकडी आहे. तीत ५५ भाषांतली अभिवादनं आहेत, मराठीही आहे. आणि आहे सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहां हो'. तबकडी करणाऱ्यांना ही ध्वनिमुद्रिका सहज मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती सापडली. तिथे ती शिल्लक होती, म्हणून ती अंतराळात गेली.

व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आवाज आज सूर्यमालेच्या प्रभावक्षेत्राबाहेर आहे. पण अल्लादियाखाँसाहेबांकडून मिळालेली ती गायकी? ती केसरबाईंनी मन लावून दिली ती एकट्या धोंडूताई कुलकर्णींना. धोंडूताईंनी समोर बसवून शिष्यांना दिली. सोनेरी तबकडीत एक भैरवी आहे. भैरवी कशी गायची, हे मात्र माणसातच राहतं.

मग या पेट्या पाठवूच नयेत का? पाठवाव्यात. माणसाला आपली खूण ठेवावीशी वाटते, त्यात वावगं काही नाही. आमचं म्हणणं इतकंच, की तिला जतन म्हणू नये. जतन म्हणजे देणारा आणि घेणारा दोघंही असणं. आपल्या कितीतरी घरांत पणजोबांच्या हातचे मोडी कागद ट्रंकेत आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारा नाही. त्या घरापुरते ते कागद आजच चंद्रावर गेलेले आहेत. फरक एवढाच, की तिथून ते परत आणता येतात. एका मुलीने मोडी शिकली की पुरे.