विडंबनाची निष्ठा : एका जपानी ॲनिमे मालिकेच्या निमित्ताने

विडंबन हा परोपजीवी प्रकार आहे, हे विधान मराठी समीक्षेला नवे नाही. मूळ कृती रसिकाच्या मनात जागी नसेल तर विडंबनाला पाय रोवावयास जागाच उरत नाही, असे सामान्यतः मानले जाते. 'केशवकुमारां'च्या 'झेंडूची फुले'ने मात्र या समजुतीला छेद दिला. रविकिरण मंडळाच्या कवितेशी ज्याचा परिचय नाही त्यालाही त्यातील थट्टा कळते. कारण अत्र्यांनी कवींच्या शब्दांइतकाच त्यांचा आविर्भाव पकडला होता. पिंपरीतील संत तुकारामनगरच्या रंगमंदिराला याच अत्र्यांचे नाव आहे. त्याच पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात आज जपानी कारखाने उभे आहेत, 'काइझेन'सारखे शब्द कामाच्या जागी रुळले आहेत, आणि नोकरीच्या अपेक्षेने जपानी शिकणाऱ्या तरुणांना त्या भाषेतील ॲनिमेचीही गोडी लागते. डोरेमॉन आणि शिन-चॅन यांवर वाढलेल्या या प्रेक्षकापुढे 'जादूगार मुली'च्या कथांचे विडंबन येते, तेव्हा मूळ प्रकार बहुधा त्याच्या ओळखीचा नसतो. अशा प्रेक्षकाच्या कसोटीवर 'बिनान कोको चिक्यू बोएई-बू लव्ह!' (२०१५) ही बारा भागांची मालिका कितपत उतरते, हे पाहण्याजोगे आहे.

मूळ प्रकाराविषयी थोडेसे सांगणे अवश्य आहे. १९६६ साली सुरू झालेल्या 'माहोत्सुकाई सॅली'पासून या कथांचा प्रवाह दूरचित्रवाणीवर वाहू लागला, आणि १९९२ च्या 'सेलर मून'ने त्याला आजचे परिचित रूप दिले. सामान्य शाळकरी मुलगी, तिला शक्ती बहाल करणारा बोलका प्राणी, ठराविक मंत्रोच्चार, झगमगते रूपांतर आणि राक्षसाचा पराभव हा क्रम जवळजवळ पूजाविधीसारखा ठरलेला असतो. २०११ च्या 'मादोका माजिका'ने याच क्रमाला शोकांतिकेचे वळण दिले होते. दिग्दर्शक शिंजी ताकामात्सु यांनी चार वर्षांनी निवडलेला मार्ग अगदीच वेगळा आहे. त्यांनी विधीला हात लावला नाही; केवळ यजमान बदलला. मुलींच्या जागी पाच आळशी विद्यार्थी आले. पृथ्वीरक्षणाचे मंडळ म्हणजे त्यांच्या लेखी निवांत गप्पा मारण्याची सोय. परग्रहावरून आलेला गुलाबी वोम्बॅट त्यांना बळेच योद्धे बनवितो. शाळेच्या नावाचा उच्चार 'देखणा पुरुष' या अर्थाच्या शब्दासारखा आहे, आणि पात्रांची आडनावे हाकोने, युफुइन, कुसात्सु, आरिमा अशा उष्णोदकाच्या प्रसिद्ध स्थळांवरून घेतलेली आहेत.

मालिकेचे खरे सामर्थ्य या निष्ठेत आहे. रूपांतराचे दृश्य कोठेही कापलेले नाही, संगीत कोठेही उपहासाने वाजत नाही. झालरी आणि फिती लावलेले हे तरुण पूर्ण गांभीर्याने मंत्र उच्चारतात. मूळ प्रकार न पाहिलेल्या प्रेक्षकालाही यातील विसंगती उमगते, कारण ती ज्ञानावर नव्हे तर आविर्भावावर आधारलेली आहे. मराठी रसिकाला येथे तमाशातील गौळण आठवावी. गौळणीतील मावशी पुरुष असतो, ते कोणी लपवीत नाही, आणि तिच्या थट्टेने आधी झालेल्या गणाचे पावित्र्य यत्किंचितही उणे होत नाही. फरक इतकाच की मावशी स्त्रीचे सोंग घेते; हे पाच जण पुरुषच राहतात आणि स्त्रियांसाठी ठेवलेल्या जागेवर जाऊन उभे राहतात.

येथेच मालिकेचे वैगुण्यही दडलेले आहे. मूळ कथेत रूपांतराला अर्थ असतो. घर, शाळा आणि वडीलधारी माणसे जिचे सारे ठरवितात त्या मुलीच्या हाती प्रथमच काही सामर्थ्य येते. मुलांच्या बाबतीत ही प्राप्ती उरत नाही. तिची जागा संकोच घेतो. पुष्कळसे हसू पुरुषाच्या अंगावर फिती दिसल्याने उत्पन्न होते. म्हणजे नाजूक ते हीन, या जुन्या समजुतीच्या आधाराने मालिका आपला निर्वाह करते. मुलींच्या कथेची अवहेलना तिच्या कर्त्यांना अभिप्रेत नसावी, परंतु त्या कथेतून मुलगीच वजा केल्यावर तिची बाजू मांडणारे कोणी शिल्लक राहात नाही. अपवाद एकच, आणि तो महत्त्वाचा. सर्वांत धाकटा युमोतो हाकोने याला या वेषाची लाज मुळीच वाटत नाही. मोठ्या भावाच्या स्नानगृहात वाढलेला हा मुलगा लोभस वस्तू दिसली की तिला मिठी मारतो, आणि राक्षस झालेल्या सहाध्याय्याशीही तो त्याच मोकळेपणाने बोलतो. प्रत्येक राक्षस हा मूळचा एखादा दुखावलेला विद्यार्थीच असतो. युमोतो पुढे येतो त्या क्षणी संकोचाचे हसू थांबते आणि मूळ प्रकारातील करुणा, मुलीच्या अनुपस्थितीतही, क्षणभर प्रकट होते. मालिकेने त्याच्यावर अधिक भिस्त ठेवावयास हवी होती. मधले कित्येक भाग मात्र नव्या राक्षसाची केवळ भर घालतात. त्यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

शेवटी असे उघड होते की रक्षक आणि आक्रमक यांचा हा सारा संघर्ष परग्रहवासीयांच्या करमणुकीसाठी रचलेला दूरदर्शनचा कार्यक्रम होता. ही कल्पना नुसती गमतीची नाही. विद्यार्थिमंडळाचा प्रमुख किन्शिरो याचे वैर बालमित्र दुरावल्याच्या खऱ्या दुःखातून आलेले असते, आणि कोणी अज्ञात प्रेक्षक ते दुःख चवीने पाहात होते, हे कळताच पडद्यासमोरचा प्रेक्षकही त्यांच्याच पंक्तीला जाऊन बसतो. एवढी धार विडंबनाला क्वचितच येते. परंतु ताकामात्सु तेथे रेंगाळत नाहीत; मैत्री जुळते आणि प्रश्न पुसला जातो. २०१६ च्या दुसऱ्या मालिकेत गायक जुळ्या भावांच्या रूपाने नवे प्रतिपक्षी आले, २०१८ च्या तिसरीत नायकच बदलले. विधी तोच राहिला. हसू मात्र 'सेलर मून'च्या स्मरणावर नव्हे, तर २०१५ च्या पहिल्या मालिकेच्या स्मरणावर अवलंबून राहू लागले.