दोन पंचांगांमधले हसू

प्रवासवर्णन हा मराठीत आवडीने वाचला जाणारा, पण समीक्षेने फारसा गांभीर्याने न तपासलेला वाङ्मयप्रकार आहे. त्यातही हलकेफुलके, वाटेवरच्या गमतीजमती सांगणारे प्रवासवर्णन म्हणजे समीक्षकाच्या दृष्टीने दुय्यमातले दुय्यम. चिंतनपर प्रवासवर्णन पहिल्या रांगेत, माहितीपर दुसऱ्या रांगेत आणि विनोदी प्रवासवर्णन दाराशी, अशी बैठक आम्ही मंडळींनी वर्षानुवर्षे वर्गात मांडली. प्रस्तुत लेखकानेही ती मांडली आहे. या बैठकीचा फेरविचार करावा असे आता वाटते. त्याचे कारण कोणताही नवा सिद्धांत नसून वाराणसीतील एक गल्ली आहे.

पंचगंगा घाटाच्या उभ्या पायऱ्या चढून वर आले की जवळच मंगला गौरीचे स्थान लागते. काशीतील नऊ गौरींपैकी ही एक. याच देवळात गभस्तीश्वराचे लिंग आहे, आणि सूर्याने येथे तप केल्याची कथा काशीखंडात येते. मराठी माणसाला मात्र हे नाव ऐकताच देऊळ आठवत नाही; त्याला रात्र आठवते. श्रावणातला मंगळवार, नवविवाहित मुली, पत्री, जागरण, झिम्मा, फुगडी, पिंगा आणि उखाणे. आपल्याकडे मंगळागौर ही एक वेळ आहे, काशीत मंगला गौरी हे एक ठिकाण आहे. आपण जिला वर्षातून चार-पाच मंगळवारी घरी बोलावतो, ती येथे बारा महिने राहते.

घोटाळा होतो तो येथेच. नव्याने लग्न झालेले मराठी जोडपे श्रावणातला पहिला मंगळवार साधून मोठ्या हौसेने येथे येते, तेव्हा त्यांना कळते की काशीत अर्धा श्रावण केव्हाच उलटून गेला आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. त्यामुळे आषाढी पौर्णिमा सरताच काशीत श्रावण लागतो आणि आपल्याकडे तो आणखी पंधरवड्याने येतो. उलट, नारळी पौर्णिमा झाली की तिकडे भाद्रपद सुरू होतो आणि आपल्या श्रावणाचे अजून दोन आठवडे उरलेले असतात. त्या पंधरवड्यातल्या मंगळवारी पूजेचे ताट घेऊन आलेल्या मराठी मुलीकडे फूलवाली क्षणभर नवलाने पाहते आणि मुलगी फूलवालीकडे. चुकलेले कोणीच नसते. दोघींची पंचांगे बरोबर असतात. हसू येते ते त्या दोन पंचांगांच्या मधल्या फटीतून.

प्रवासातील विनोदाचे मूळ रूप हेच आहे असे मला वाटते. प्रवासी आपल्याबरोबर आपले पंचांग घेऊन निघतो: केव्हा जेवावे, कोणाला काय म्हणावे, देवळात कसे वागावे, किती पैसे द्यावेत, याचे सगळे हिशेब त्यात लिहिलेले असतात. वाटेत त्याला दुसरे पंचांग भेटते. जो लेखक दोन्ही पंचांगे हातात धरून हसतो, त्याचा विनोद वाङ्मयाच्या पदवीला पोहोचतो. जो स्वतःचेच पंचांग खरे मानून दुसऱ्याच्या चुका मोजत बसतो, त्याच्या लेखनात गमती पुष्कळ असतात, पण त्या गमतीच राहतात. हलक्याफुलक्या प्रवासवर्णनाची परीक्षा करावयाची ती या कसोटीवर. ‘हसवते का?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘हसू कोणाकडे वळते?’ हा खरा प्रश्न आहे.

या कसोटीचे एक उदाहरण त्याच परिसरात आहे. पंचगंगा घाटावर औरंगजेबाच्या काळातील मशीद उभी आहे. तिच्या जागी पूर्वी बिंदुमाधवाचे विशाल देवालय होते. झाँ बाप्तिस्त ताव्हेर्न्ये या फ्रेंच प्रवाशाने १६६५ मध्ये ते पाहून त्याचे वर्णन केले आहे. मशिदीचे उंच मीनार आता नाहीत, पण लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘माधोराय का धरहरा’ असेच राहिले. मराठी प्रवाशाच्या कानावर हे नाव पडले की तो ते ‘माधवराव’ असे ऐकतो आणि लगेच पेशव्यांच्या वंशावळीत शिरतो. देव हरवला, देवाचे नाव मशिदीला चिकटले आणि त्या नावाला आपण पगडी घातली! प्रवाशाच्या कानाला घरचे शब्द ऐकण्याची खोड असते. पट्टीचा लेखक असली चूक लपवीत नाही, ती लिहून ठेवतो. कारण वाचकाला त्या स्थळाबरोबर त्या कानाचीही ओळख व्हावयास हवी असते.

मराठीत असा कान प्रथम दिसतो तो विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात. १८५७ मध्ये पेणजवळच्या वरसई गावातून घरच्या कर्जाच्या ओझ्याखाली दक्षिणा मिळविण्यासाठी निघालेला हा भिक्षुक काकांसह उत्तरेत जातो आणि एका प्रचंड उलथापालथीत सापडतो. झाशीचा वेढा आणि कत्तल तो पाहतो, मिळविलेले द्रव्य लुटीत गमावतो आणि अखेरीस गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी घरी परततो. हे पुस्तक कोणी विनोदी म्हणून वाचत नाही, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यात जागोजागी हसू फुटते, कारण इतिहास कोसळत असतानाही या गृहस्थाच्या मनातली स्नानसंध्येची, जेवणाची आणि दक्षिणेची गणिते थांबत नाहीत. चिंतामण विनायक वैद्य यांनी हा वृत्तांत संस्कारित करून १९०७ मध्ये प्रसिद्ध केला; पुढे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने मूळ संहिता वाचकांसमोर आली. या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचणे विद्यार्थ्यांना उद्बोधक ठरेल. संस्कार करताना भाषा सुबक होते, पण भाबडेपणा घासला जातो, आणि प्रवासातले हसू बव्हंशी त्या भाबडेपणातच असते.

गोडसे भटजींना हसविण्याची इच्छा नव्हती. ती इच्छा जाणीवपूर्वक धरणारे लेखन पुढच्या शतकात आले. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ या १९४० च्या पुस्तकाने प्रवासवर्णनाला ललित निबंधाची चाल दिली, आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) व ‘पूर्वरंग’ने (१९६३) त्याला घराघरांत नेले. ‘अपूर्वाई’तील विलायतेच्या तयारीचा भाग पाहावा. प्रवास अजून सुरूही झालेला नाही, तरी विनोद ऐन भरात आहे, कारण त्याचा विषय विलायत नसून विलायतेच्या धास्तीने गांगरलेला मराठी मध्यमवर्गीय माणूस आहे. उपदेश करणारे, सूट शिवण्यास लावणारे, काटे-चमच्यांची भीती घालणारे हे सारे आपलेच लोक आहेत. परदेशी माणसाकडे लेखक कुतूहलाने पाहतो, स्वतःकडे मात्र थट्टेने. हसू घरच्या पंचांगावर वळविण्याची ही युक्ती त्यांच्या यशाचे मर्म आहे.

‘पूर्वरंग’मध्ये ही युक्ती अधिक कठीण परीक्षेला बसते. आग्नेय आशियातील बेटे आपल्याला विलायतेसारखी दबकावीत नाहीत. बालीसारखे बेट तर उलट लळा लावते: देवळे, रामायण-महाभारतातील कथा, फुलांचे नैवेद्य. येथे मराठी प्रवाशापुढचा मोह धास्तीचा नसून मालकीचा असतो. ‘हे तर आपलेच!’ असे म्हणत तो दुसऱ्याचे घर आपल्या नावावर चढवितो. पु. लं.नाही या आपलेपणाची ओढ आहे, पण नृत्य आणि संगीत समोर आले की त्यांच्यातला रसिक प्रथम जागा होतो आणि मालक मागे सरतो. समोरच्या कलावंताची मांडणी, त्याची लय, त्याचे वेगळेपण पाहण्याची त्यांची तयारी असते. म्हणून त्यांचा आपलेपणा हक्क सांगत नाही.

त्यांच्या अनुयायांत मात्र विनोद उरला आणि ही रसिकता विरळ झाली. पर्यटनसंस्थांबरोबर बेटाबेटांवर जाऊन आल्यानंतर लिहिल्या जाणाऱ्या अनेक लेखांचे साहित्य ठरलेले असते: विचित्र खाणे, विचित्र वाहन, विचित्र इंग्रजी आणि थेपल्यांचा आधार. फिलिपाईन्सचे उदाहरण घेऊ. सात हजारांहून अधिक बेटांच्या या देशात जीपनी नावाचे वाहन प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे सोडलेल्या जीपगाड्या लांबवून ती प्रथम तयार झाली. तिच्या अंगावर ख्रिस्त, मेरी, मुलाबाळांची नावे आणि भडक रंगांची चित्रे असतात. मागचा उतारू भाड्याचे पैसे पुढच्याच्या हाती देतो आणि ते हातोहात चालकापर्यंत पोहोचतात. हे पाहून खदखदणारा आपला प्रवासी कालपरवापर्यंत सातारा-कोल्हापूरकडच्या वडापमध्ये दाटीवाटीने बसून असेच पैसे पुढे सरकवीत असतो. त्याच्या ट्रकांवर आईवडिलांचा आशीर्वाद आणि कुलदैवताचे नाव झळकत असते. ही गोष्ट त्याला आठवली असती, तर गमतीचा लेख अनुभवाचा लेख झाला असता.

बेटांच्या नवलाईची एक जुनी नोंद या संदर्भात स्मरणीय वाटते. १५२१ मध्ये मॅगेलनच्या ताफ्याबरोबर त्या बेटांवर उतरलेल्या अंतोनिओ पिगाफेत्ता या इटालियन गृहस्थाने तेथील चमत्कारिक वाटणाऱ्या पुष्कळ गोष्टी टिपल्या. त्याची दृष्टी आक्रमकांच्या जहाजावरची होती, हे खरेच. पण त्याने आणखी एक काम केले. स्थानिक शब्द विचारून त्यांची यादी केली. ज्याचे नवल वाटते त्याला तो स्वतः काय म्हणतो, एवढा प्रश्न विचारण्यापुरते का होईना, त्याने आपले पंचांग मिटले. पाच शतकांनंतर सर्व सोयींनिशी जाणाऱ्या आपल्या प्रवाशाने निदान तेवढे तरी करावे, ही अपेक्षा जास्तीची नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार करावयास हवा. आत्मविडंबन हीही एक सुरक्षित जागा असते. स्वतःवर हसणारा लेखक सर्वांना आवडतो, आणि त्या आवडीच्या उजेडात समोरचा स्थानिक माणूस केवळ पडद्यावरचे चित्र होऊन राहतो. त्याला उलट उत्तर देण्याची संधी मिळत नाही. पु. लं.च्या उत्तम पानांनाही ही मर्यादा अधूनमधून जाणवते. मराठी प्रवासी स्वतःची थट्टा करून घेतो खरी, पण दुसऱ्याने केलेली थट्टा ऐकून घेण्याचा प्रसंग आपल्या प्रवासवर्णनांत क्वचितच येतो.

मंगला गौरीच्या गल्लीत तो प्रसंग माझ्यावर आला, म्हणून तो सांगतो. देवळाची वाट मी एका वृद्ध बाईंना माझ्या पुणेरी हिंदीत विचारली. त्यांनी दोनदा ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘अहो, मराठीतच विचारा की. तुमच्या हिंदीपेक्षा माझी मराठी सोपी आहे.’ त्यांच्या मराठीला बनारसी हेल होता. मला क्षणभर त्याचेच हसू आले होते, पण त्यांनी बाजी आधीच उलटविली होती. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागांत मराठी घरे पिढ्यानुपिढ्या नांदत आली आहेत. एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये याच नगरीत पूर्ण केले. ‘आज’ दैनिकाद्वारे हिंदी पत्रकारितेला वळण देणारे बाबूराव विष्णु पराडकर (१८८३–१९५५) काशीतल्याच मराठी घरात जन्मले. या लोकांच्या दृष्टीने पाहता वाटेवरची नवलाई कोण? देवळासमोर चपला कोणी सांभाळील याची चिंता करीत, अवेळी श्रावण शोधीत आलेला पुणेकर!

त्याच घाटालगतच्या बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांनी लहानपणापासून सनईचा रियाज केला. घाईचा प्रवासी हीसुद्धा एक आश्चर्याची बाब म्हणून टिपून घेतो. गल्लीतल्या माणसाला त्यात आश्चर्य नव्हते. त्याच्या पंचांगात ती रोजची पहाट होती. ज्याला आपण नवल म्हणतो ते कोणाचे तरी नित्य असते, हे भान सुटले की प्रवासवर्णन जत्रेतल्या खेळाच्या पातळीवर उतरते. ते टिकले तर फुगडीच्या फेऱ्यासारखा साधा प्रसंगही आशयघन होतो.

तात्पर्य, विनोदी प्रवासवर्णनाला दाराशी बसविण्याची आमची रीत चुकीची होती. विनोद हलका असतो म्हणून ते दुय्यम ठरत नाही. हसू एकाच दिशेने वाहू लागले की ते दुय्यम ठरते. गोडसे भटजींच्या कावडीला दोन पारडी होती आणि ती तोलून धरल्यामुळेच गंगा वरसईपर्यंत पोहोचली. प्रवासी लेखकाच्या खांद्यावरही अशीच कावड असते. एका बाजूला आपले पंचांग, दुसऱ्या बाजूला त्यांचे. तोल सांभाळून चालणाऱ्याचे पाणी घरापर्यंत येते. इतरांचे वाटेतच सांडते, आणि त्या चिखलात पाय घसरला की पुन्हा दोष रस्त्यालाच दिला जातो.