जुने अवकाशयान आणि आपली मुले

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका १९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखवीत असत. ती पाहिलेली मुले आता स्वतःच आईबाप झाली आहेत, आणि ‘आमच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ती दाखवावी काय?’ असा प्रश्न परभणीत मला अधूनमधून कुणी ना कुणी विचारतो. मालिका १९६६ ते १९६९ या काळातील. भाग एकूण ७९. देखावे पुठ्ठ्याचे, गती संथ, मारामाऱ्या तर उघड लुटुपुटीच्या. मुले प्रथम हसतात. त्यांना हसू द्यावे.

कारण मालिकेचे बळ देखाव्यात नाही, पेचप्रसंगात आहे. १९६७ सालच्या एका भागात एक पाषाणदेही प्राणी खाणीतील कामगारांना ठार करीत असतो. सारे त्याच्या जिवावर उठतात. मग कळते, की ती आई आहे, आणि कामगार निरुपयोगी गोटे समजून जे फोडीत होते, ती तिची अंडी होत! रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या आमच्या जिंतूर-सेलूकडच्या मुलाला हा पेच परका वाटणार नाही. १९६९ सालच्या एका भागात अर्धे काळे, अर्धे गोरे असे दोन वैरी येतात. एकाची काळी बाजू उजवी, दुसऱ्याची डावी. वैराला कारण एवढेच. त्यांच्या ग्रहावर अखेर कोणीच जिवंत उरलेले नसते. जातिभेदाचा वेडेपणा मुलांना याहून थोडक्यात कसा समजावून सांगणार?

मग दोष नाहीत काय? आहेत, आणि ते पुठ्ठ्याच्या देखाव्यांहून गंभीर आहेत. उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री यानावर अधिकारी आहे, ही त्या काळी मोठीच गोष्ट. पण तिच्या वाट्याला बहुधा निरोपांची देवघेवच येते. अखेरच्या भागात तर कप्तानपद स्त्रियांसाठी नाहीच, असे सुचविले आहे. व्हालेंतिना तेरेश्कोव्हा त्याआधी सहा वर्षे, १९६३ सालीच, अवकाशात जाऊन आली होती! माझी चौदा वर्षांची भाची तो भाग पाहून म्हणाली, “मामा, ही गोष्ट पुढच्या काळातली ना? मग बायका मागेच कशा?”

अशा प्रश्नाच्या वेळी घरातले वडीलधारे माणूस शेजारी असले पाहिजे. म्हणून माझे मत असे, की तेराव्या वर्षानंतर ही मालिका अवश्य दाखवावी. मात्र मुलांना तिच्यापुढे बसवून आपण फराळाच्या गडबडीत निघून जाऊ नये. सगळे ७९ भाग पाहण्याची गरज नाही. वर सांगितलेल्या तिहींपासून आरंभ करावा. आणि तो अखेरचा भाग मुलींबरोबर मुलग्यांनाही मुद्दाम दाखवावा.