गळाला बांधलेली चिठ्ठी

आंग ली यांच्या ‘ब्रोकबॅक माउंटन’ (२००५) या चित्रपटाची चर्चा दोन पुरुषांच्या प्रेमापाशीच थांबते. आम्हांस मात्र त्यातील मर्मभेदक प्रसंग एनिसच्या पत्नीचा वाटतो. १९६३ साली वायोमिंगच्या डोंगरावर मेंढ्या राखताना जडलेले हे प्रेम पुढे वर्षानुवर्षे मासेमारीच्या सबबीवर जगते. अल्मा गळाच्या दोरीला चिठ्ठी बांधते. ती तशीच, पाण्याचा थेंबही न लागता परत येते. समाजाने घातलेल्या बंदीचा दंड घरच्या निरपराधासही भरावा लागतो, तो असा. एनिसची भीतीही निराधार नव्हे: अशाच एका पुरुषाचे छिन्नविच्छिन्न प्रेत बापाने त्याला बालपणी मुद्दाम नेऊन दाखविलेले असते. जॅकची पत्नी लुरीन मात्र अखेरच्या दूरध्वनीपर्यंत केवळ केशभूषा बदलीत राहते. दिग्दर्शकाने तिच्यावर अन्यायच केला आहे.